एस्टीनं जायचं, चालत यायचं

आमच्या उदगीर भागात माणूस लांब चालत जाताना दिसला की समजावं, त्याची एस्टी चुकली. नाहीतर तो देवाला पायी बोललेला असतो, नाहीतर पाण्याला निघालेला असतो. धडधाकट माणूस घरातून उठतो, तिकीट काढून एस्टीनं लांब जातो आणि केवळ चालत परत यायला मिळावं म्हणून तिथं उतरतो, असं मी पूर्वी घरात सांगितलं असतं, तर बायकोनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण हे मी इंग्लंडात पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, दर शनिवारी केलं.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी कुणी विचारल्याशिवायही सांगतो. उदगीरच्या हायस्कुलात मास्तर आहे, घर मात्र जवळच्याच खेड्यात. माझ्या बी.ए.च्या पायरीवर पाय ठेवून धाकटा भाऊ सिद्धार्थ डॉक्टर झाला आणि थेट इंग्लंडात, नेदर कॉम्बली नावाच्या खेड्यातल्या दवाखान्यात लागला. त्यानं तिकीट पाठवलं, शाळेला उन्हाळी सुटी होती, मी निघालो.

घरी मात्र परिस्थिती बरी नव्हती. लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नवे रस्ते, नव्या कचेऱ्या. त्यामुळं एरवी कुणी ढुंकून न बघणाऱ्या जमिनींना एकाएकी किंमत आली. ज्यानं त्यानं आपापलं रान काट्यांनी आवळून घेतलं. गावातून आमच्या रानाकडं जाणारी गाडीवाट विश्वनाथअप्पांच्या रानातून जाते. अप्पा किराणा दुकानदार. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलायला गुळासारखे गोड. त्यांनी एका सकाळी वाटेवर बोराटीचे काटे टाकून वाट बंद केली.

त्यात दुष्काळ. गावच्या आडाचा तळ दिसत होता आणि आमच्या रानातल्या विहिरीत अजून पाणी होतं. ते टिपाडात भरून आबा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीनं घरी आणत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही देत. वाट बंद झाल्यावर आई आणि बायको ओढ्याच्या खडकांतून वळसा घालून डोक्यावर घागरी आणू लागल्या. अप्पांचं म्हणणं, गाडीच्या चाकांनी रान दगड होतं. यामागं दुसरं काही आहे का, हे आबांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी मनातल्या मनात पुष्कळ बोललो. अर्ज केला, तेव्हा जुन्या जिल्ह्याचं दप्तर नव्यात हलत होतं. मग अर्ज दोन्ही जिल्ह्यांत सापडेना. अप्पांकडं गेलं की ते पाट मांडायचे, सुपारी द्यायचे आणि म्हणायचे, "आबा, तुमाला रानाकडंच जायचं ना? मग ओढ्यानं जावा की. वाट हाय." या वाक्यापुढं कुणाचं चालत नव्हतं.

मी निघालो तेव्हा आबा एस्टीच्या खिडकीपाशी येऊन म्हणाले, "इंग्रज आपल्याकडं आलाच न्हाई, आपल्याकडं निजाम. आता तूच चाललास तर एक बघून ये. त्यांच्यात दुसऱ्याच्या रानातनं कसं जात्यात, ते."

लोक लंडनचा पूल बघायला जातात. मी हे बघायला गेलो.

टॉवेल

नेदर कॉम्बली म्हणजे एक चर्च, एक दारूचं दुकान, एक पोस्ट आणि भोवती डोळे दुखावेत इतकं हिरवं. बस आठवड्यातून मोजक्या दिवशी येते. गावात म्हाताऱ्यांची एक टोळी होती. तिची म्होरकी मिसेस हॉब्स; पोस्टातून निवृत्त झालेली, उंच, एका गुडघ्यानं अधू आणि डोक्यावर सदा पुरुषी टोपी. ही टोळी दर शनिवारी बसनं कुठंतरी लांब जाऊन उतरायची आणि शेताशेतांतून चालत गावी परत यायची. सिद्धार्थनं माझी ओळख करून दिली. माझं आडनाव कांबळे. त्यांनी पहिल्याच दमात मला कॅम्बेल करून टाकलं आणि माझे पूर्वज स्कॉटलंडचे का म्हणून विचारलं. मी म्हणालो, आमचे पूर्वज तालुक्याच्या बाहेर गेले नव्हते.

बस आली. ती थांबते न थांबते तोच मी धावलो, आत शिरलो, पुढच्या बाकावर टॉवेल टाकला आणि दारातून सिद्धार्थला ओरडून सांगितलं, जागा धरली. बाहेर सगळी म्हातारी मंडळी ओळीनं उभी होती. आत बस पूर्ण रिकामी होती. ड्रायव्हरनं टॉवेलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सुप्रभात म्हणाला.

"दादा, इथं जागा धरत नसतात," सिद्धार्थ हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मग बसायला कसं मिळतं?"

"बसायचं. मिळतं."

एवढा डॉक्टर झाला, पण मला त्याची काळजी वाटली. असा बेसावध माणूस उदगीरच्या स्टँडवर परत आला तर उभ्यानंच प्रवास करील.

पण त्या लोकांची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुणी हसलं नाही. उलट टॉवेलाशेजारी बसण्याआधी एका म्हाताऱ्यानं माझी परवानगी विचारली. आणि पुढच्या शनिवारी बसमध्ये चढलो तर पुढच्या बाकावर मिसेस हॉब्सचा लोकरी मफलर पसरलेला. तिनं माझ्यासाठी जागा धरली होती. बस त्याही दिवशी रिकामीच होती.

त्यांचा दुष्काळ

आमच्याकडं दुष्काळ आहे हे मिसेस हॉब्सनं ऐकलं होतं. म्हणाली, यंदा आमच्याकडंही आहे. चला, आज तुम्हाला दुष्काळच दाखवते.

मी मनाची तयारी करून निघालो. बसनं एका टेकडीपाशी सोडलं. तिथून उतरत आम्ही मेंढ्यांच्या कुरणांतून चाललो. गवत पोटरीपर्यंत. अधूनमधून कुंपण यायचं, आणि प्रत्येक कुंपणाला दोन्ही बाजूंनी लाकडाची पायरी. जनावरानं अडावं, माणसानं चढून जावं. पहिल्या पायरीपाशी मी थांबलो आणि मालक कुठं आहे, त्याला विचारून येतो म्हणालो. सगळ्यांना वाटलं मी विनोद केला. ही वाट सगळ्यांची आहे, मिसेस हॉब्स म्हणाली; जमीन त्याची, वाट आपली. मी ते वाक्य आबांसाठी तिथंच पाठ करून टाकलं.

शेवटी आम्ही एका ओढ्यापाशी पोचलो. पाणी खळखळत होतं. बदकं पोहत होती. टोळी काठाला उभी राहिली आणि सगळ्यांचे चेहरे पडले. एरवी इथं गुडघ्याच्या वर पाणी असतं, मिसेस हॉब्सनं काठीनं दाखवलं. आता बघा, घोटाभर. गावात तर बागेला नळीनं पाणी घालायला बंदी झालीय. तिच्या हिरवळीवर एक पिवळा ठिपका पडला होता, त्याबद्दल ती बराच वेळ बोलली.

माझ्यानं राहवलं नाही. बूट-मोजे काढले, पँट वर केली आणि मी त्या दुष्काळात जाऊन उभा राहिलो. एवढी धार आमच्या तालुक्यात असती तर तिच्यावर गावागावांत मारामाऱ्या झाल्या असत्या आणि एका आमदारानं साखर कारखाना काढला असता. मी हातपाय, तोंड, मान सगळं धुतलं. काठावरच्या लोकांना वाटलं हा आमच्याकडचा काही विधी असावा. दोघांनी टोप्या काढल्या.

मग जेवण. ज्यानं त्यानं आपापला डबा काढला, उघडला, आणि मान खाली घालून आपापलं खाल्लं. दोन पावांच्या मधे काकडी. आमच्याकडं डबा उघडला की आधी शेजाऱ्याच्या हातावर काहीतरी पडतं. सिद्धार्थच्या बायकोनं, सुनंदानं, मला धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. मी उठून पंगतीत वाढतात तसं सगळ्यांना वाढत गेलो. नको म्हणायला त्यांना वेळच मिळाला नाही. मिसेस हॉब्सनं चटणी चमच्यानं खाल्ली. तिचे डोळे वाहायला लागले, नाक लाल झालं, बराच वेळ बोलता येईना. मी घाबरलो. आवाज परत आल्यावर तिनं विचारलं, आणखी आहे का. नंतरच्या शनिवारी सगळे जण आपला डबा उघडून माझ्याकडं बघत बसू लागले.

उभ्या गव्हात

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी घोटाळा झाला. सिद्धार्थला ड्यूटी होती, मी एकटाच टोळीबरोबर. एका वळणावर खांबाला वाट दाखवणारा पिवळा बाण होता आणि तो बाण सरळ उभ्या गव्हात घुसत होता. गहू मांडीला लागणारा, नुकताच निसवलेला. आणि ही म्हातारी शहाणी माणसं एकामागं एक त्या पिकात शिरली.

माझा पाय उचलेना. लहानपणी उभ्या पिकात पाय पडला की आबांच्या हातातली शिमटी पोटरीवर बसायची. पीक आमचं असो की परक्याचं. ती पोटरी अजून शाबूत आहे, तिची आठवणही. मी लांबून हात केला, तुम्ही व्हा पुढं, आणि बांधानं वळसा घालायला निघालो. त्यांच्यात बांध नसतो, झुडपांचं कुंपण असतं. मी त्याच्या कडेकडेनं, पिकाला सदरासुद्धा न लावता, अंग चोरून चाललो. मनात म्हटलं, मालकानं बघितलं तर म्हणेल, काय संस्कारी माणूस आहे.

मालकानं बघितलं. ट्रॅक्टर थांबवून तो लालबुंद चेहऱ्यानं माझ्याकडं आला. मी आधीच हात जोडले आणि हायस्कुलात शिकवतो त्या इंग्रजीत म्हणालो, "महाशय, मी आपल्या पिकाला स्पर्शही केलेला नाही."

"ते मला दिसतंय," तो म्हणाला. "का नाही केला?"

मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडलं. पण नाही. त्याचं म्हणणं, वाट मधून आहे, तर मधून चालायचं. कडेला तितरांची अंडी आहेत आणि कडेनं चालायचा हक्क कुणालाच नाही. शिवाय लोक मधून चालले नाहीत तर वाट बुजते, आणि मग गहू कापून ती पुन्हा पाडायचं काम त्याच्याच गळ्यात येतं. तसा कायदा आहे.

मी खात्री करून घेतली. "म्हणजे मी तुमच्या गव्हातून चाललो नाही म्हणून तुम्ही रागावलात?"

"हो."

"हे मला लिहून द्याल का?"

त्याचा आवाज एकदम खाली आला. त्यानं माझ्या बुटांकडं, माझ्या टोपीकडं, काखेतल्या छत्रीकडं नीट बघितलं. "तुम्ही सरकारी माणूस आहात का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "मी उदगीरचा."

यानं त्याचं समाधान झालं नाही. लिहून तर त्यानं दिलं नाहीच, पण मला स्वतः बाणापाशी आणून सोडलं आणि मी गव्हात शिरेपर्यंत तिथंच उभा राहिला. मी पँट हातात धरून, बोटांवर चालत, प्रत्येक काडीला बाजूला सारत गेलो. पलीकडं टोळी ताटकळली होती. तोंडातल्या तोंडात काय म्हणत होता, असं मिसेस हॉब्सनं विचारलं. मी गव्हाची माफी मागत होतो, ते सांगितलं नाही.

वाटेचं मरण

जायच्या आधीच्या शनिवारी पाऊस लागला होता आणि मिसेस हॉब्सचा गुडघा भलताच सुजला होता. सिद्धार्थनं तिला डॉक्टर म्हणून सांगितलं, आज घरी बसा. ती ऐकून घेऊन बसमध्ये चढली. परतताना एका पायरीवर तिला दोघांनी धरून चढवलं. मी तिला विचारलं, एवढा त्रास होतो तर कशाला येता?

ती पायरीवरच बसली. म्हणाली, तिच्या लहानपणी ही वाट एका जमीनदारानं बंद केली होती. काटेरी तार लावली, बैल सोडला. गावातल्या तापट लोकांना भांडायचं होतं. पण तिच्या वडिलांनी दर रविवारी चर्चच्या कपड्यांत लोकांना घेऊन इथून चालायला सुरुवात केली. जमीनदार दिसला की टोपी उचलायची, हवापाण्याचं बोलायचं, आणि चालत राहायचं. "भांडलो असतो तर तो वकील घेऊन आला असता," ती म्हणाली. "फिरायला आलेल्या माणसाविरुद्ध वकील काय बोलणार? वाट अशीच राखायची, मिस्टर कॅम्बेल. पाय लागले नाहीत की वाट मरते."

मी छत्री तिच्यावर धरली होती. माझ्या डोळ्यापुढं घागर डोक्यावर घेऊन ओढ्याचे खडक उतरणारी माझी आई होती.

निघताना तिनं मला आपली जुनी काठी दिली. मी तिला उरलेली चटणी दिली.

फिरायलो, अप्पा

घरी आलो तर पाऊस नव्हताच आणि बोराटी जागच्या जागी होती. आबांना मी सगळं सांगितलं. उभ्या पिकातून माणसं जातात, हे त्यांना मुळीच पटलं नाही. पण फिरायचं डोक्यात ठेवून विचार करत बसले. "अप्पा म्हनंल, रानाकडंच जायचं तर ओढ्यानं जावा."

"आपण रानाकडं जायचंच न्हाई," मी म्हणालो. "नुसतं फिरायचं."

शाळेतले दोघे तयार झाले. पीटीचे सर, कारण त्यांना व्यायाम हवा होता. आणि ड्रॉइंगचे सर, कारण त्यांना घरी बसायचं नव्हतं. रविवारी सकाळी ते उदगीरहून एस्टीनं फाट्यावर उतरायचे. मी गावातून एस्टी धरून फाट्यापर्यंत जायचो. कंडक्टरनं माझं तिकीट फाडताना दोनदा विचारलं, फाट्याचंच ना, चालत गेलं तरी होतंय की. मी म्हणालो, चालत यायचंय म्हणून तर एस्टीनं चाललोय. त्यानं घंटी मारली आणि पुढं माझ्याशी बोलला नाही.

फाट्यावरून ओढा, ओढ्यातून आमचं रान, तिथून अप्पांच्या रानातली वाट आणि मग गाव. पीटीचे सर पांढऱ्या टोपीत, गळ्यात शिट्टी. ड्रॉइंगचे सर काखेत फळी घेऊन, चार पावलांवर थांबून झाडाचं चित्र काढणारे. मी विलायती काठी घेऊन. अप्पा लिंबाखाली बसले होते. आम्ही बोराटी ओलांडून आलो तशी उठून उभे राहिले.

"काय करायलाव, गुरुजी?"

"फिरायलो, अप्पा."

"रानाकडं जायचं तर ओढ्यानं..."

"रानाकडं न्हाई जायचं. नुसतं फिरायलो." मी टोपी उचलली. "ऊन लई हाय यंदा."

अप्पा परत लिंबाखाली जाऊन बसले. त्यांच्याजवळ रानाकडं जाणाऱ्याला उत्तर होतं. विनाकारण जाणाऱ्याला नव्हतं.

दुसऱ्या रविवारी लिंबाखाली अप्पांबरोबर आणखी तिघं बसली होती. आम्ही थांबलो की तीही बोलायची थांबत. फळीवर काय चाललंय ते मान लांब करून बघत. मी पुन्हा खरं तेच सांगितलं. विलायतेत अशी पद्धत आहे, माणसं उगीच फिरतात. चौघांनीही माना डोलावल्या आणि एकमेकांकडं बघितलं.

तिसऱ्या रविवारी आलो तर बोराटी नव्हती. वाट झाडून काढलेली. दोन्ही कडांना ओळीनं दगड आणि दगडांना चुना. अप्पा मला बाजूला घेऊन गेले.

"गुरुजी, एक इचारू? सडक हिकडनंच जायलीय ना?"

"कुठली सडक?"

"आसू द्या. सरकारी काम, बोलता येत न्हाई, मला कळतंय. नवा जिल्हा हाय, मोजणी तर व्हनारच. पर तुमचे सायब कागदावर काढायलेत तर म्हनावं, वाट हितं दावा. लई जुनी हाय ही वाट. माझ्या आज्याच्या टायमापासनं गाड्या जायल्यात हितनं."

"अप्पा, शपथेवर सांगतो, ते ड्रॉइंगचे मास्तर हायत. लिंबाचं झाड काढायलेत. आम्ही नुसते फिरायलो."

अप्पा हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "विलायतेला जाऊन लई हुशार झालाव," म्हणाले.

त्याच दुपारी आबांनी बैल जुंपले. टिपाड भरून गाडी चुन्याच्या दगडांमधून गावात आली तेव्हा आई दारात उभी होती. तिनं आधी बैलांच्या पायावर पाणी घातलं. अप्पा वाटेत आबांना शरणार्थ म्हणाले, आबा जयभीम म्हणाले, आणि चार शेजारी ऐकत असताना अप्पांनी विचारलं, गाडी नीट जायली ना, कुठं दगड तर लागत न्हाई?

मी अजून खरंच सांगतो. सडक कुठंही होणार नाही, हे मी अप्पांना दुकानात जाऊन सांगितलं आहे. त्यांनी मला सुपारी दिली आणि आणखी कुणाला सांगू नका म्हणाले. माझा इलाज संपला.

आता एक अडचण मात्र झाली आहे. परवाच्या रविवारी मी थकून पडलो होतो. म्हटलं, एक दिवस नाही फिरलो तर काय होतं. आबांनी येऊन पांघरूण ओढलं. "उठ. त्या गोऱ्या म्हातारीचा गुडघा सुजला तरी जायली म्हनलास ना? फिरून ये. वाट मरंल."

पुढची एस्टी धरून फाट्यावर उतरलो, सरांना घेऊन ओढ्यातून वर आलो. मागून आबांची गाडी, टिपाडातलं पाणी हिंदकळत. पुढं वाटेच्या तोंडाशी अप्पा उन्हात उभे, हातात चहाची किटली. आम्हाला बघून त्यांच्या जिवात जीव आला.

"लई उशीर केलाव, गुरुजी," ते म्हणाले. "मी म्हनलं, सडक दुसऱ्याच्या रानातनं गेली का काय."